बारावं पोटकलम

करार चौदा पानांचा होता. ठाण्याला सही करून तो घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात मी सहा वेळा वाचला आणि दर वेळी सतराव्या कलमापाशी आलो की ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायचो.

त्याआधी सोळा वर्षं मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, बेअरिंग, तेलाचे डबे. वहीत लिहिलेलं आणि मांडणीवर ठेवलेलं जुळलं पाहिजे, एवढंच मला येत होतं आणि ते मला चांगलं येत होतं. कारखाना बंद पडला तेव्हा शतक बदलायला दीडेक वर्ष राहिलं होतं. जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं बोलणं चाललेलं. मुंबईच्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर क्लासची फ्रँचायझी मी शहापूरसाठी घेतली. नाव त्यांचं, अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची. एसटी स्टँडजवळचा गाळा, पाच यंत्रं आणि जबाबदारी माझी. कारखान्याकडून मिळालेले सगळे पैसे त्यात गेले. क्लास गेला असता तर मागे फिरायला जागा नव्हती.

सतरावं कलम गोपनीय माहितीचं. कॉन्फिडेन्शियल हा शब्द मला कारखान्यातला ठाऊक होता. वर्षअखेरीस साहेब आमच्याविषयी जो अहवाल लिहायचे आणि आम्हाला कधी दाखवायचे नाहीत, त्याच्यावर तो शिक्का असे. मला त्याचा एकच अर्थ माहीत होता: कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं आहे आणि त्यावरून आपलं बरंवाईट ठरणार आहे. आता तेच लिहिलेलं सांभाळायला माझ्याकडे दिलं होतं.

कलमाला बारा पोटकलमं होती. डिक्शनरी शेजारी घेऊन मी एकेक मराठीत उतरवलं. पहिल्यात संस्थेचं कामकाजाचं पुस्तक: निळ्या पुठ्ठ्याचं, दोनशे बारा पानांचं, माझ्या प्रतीचा नंबर त्रेसष्ट. प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांची यादी, फी कशी ठरवतात त्याचा हिशेब, पालकांशी बोलायची पद्धत, त्यांनी मला पाठवलेली पत्रं, असं करत करत अकराव्यात खुद्द हा करारच गोपनीय. आणि बारावं होतं ते असं, की याखेरीज समजूतदार माणूस जे काही गोपनीय समजेल ते सर्व. त्यातलं काही फुटलं तर करार तत्काळ रद्द, अनामत जप्त, आणि तीन वर्षं शहापूर किंवा लगतच्या कुठल्याही तालुक्यात कॉम्प्युटरचा क्लास काढायला बंदी. तोंड मात्र पुढे पाच वर्षं बंद ठेवायचं.

पहिल्या अकरांची मला तेवढी भीती नव्हती. वस्तू मोजता येते, कुलपात ठेवता येते. बारावं मोजता येईना. कोण हा समजूतदार माणूस? आटगावजवळच्या आमच्या गावात कुणाची म्हैस व्याली तर दुपारपर्यंत तीन पाड्यांना कळतं. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ सांगून आलं, ते मुलीच्या बापाआधी पाणवठ्यावर माहीत असतं. आमच्यात समजूतदार त्याला म्हणतात, जो विचारल्यावर सांगतो. असा माणूस काय काय गुप्त ठेवील याचा अंदाज मला येत नव्हता. म्हणून मी सगळंच गुप्त ठेवायला लागलो.

सुरुवातीला एकदा जेवताना माझ्या तोंडून गेलं, की फीचा हिशेब कुणाला सांगायचा नाही. बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, फी तर बाहेर बोर्डावर लिवलीय. मी म्हटलं, आकडा उघड आहे, तो कसा आला ते गुप्त आहे.

"आमच्यात भाजी कशी पिकवली ते सांगतात नि कितीला इकली ते लपवतात," ती म्हणाली. "तुमचं उलटंच हाय."

मी हसलो, पण घास गिळताना माझ्या लक्षात आलं की चौथ्या पोटकलमाचं अस्तित्व मी आत्ताच एका माणसाला सांगितलं होतं. त्या दिवसापासून घरात क्लासचं बोलणं बंद केलं.

निळं पुस्तक गाळ्यात ठेवायला माझं मन घेत नव्हतं. गाळ्याचं शटर बाहेरून कुणीही उचकटेल. रोज संध्याकाळी मी ते टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालायचो, सहा आसनी रिक्षात मांडीवर घेऊन बसायचो आणि घरी आल्यावर लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायचो. तिथे बायकोची बोरमाळ आणि जमिनीचे कागद होते. कपाटाची किल्ली पहिल्यापासून बायकोच्या कमरेला. तीच कप्पा उघडायची, मी पुस्तक आत सरकवायचो, तीच बंद करायची. ते काय आहे असं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गावात बोलणं सुरू झालंच. आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी राहायचे, माझ्या वडलांच्या वयाचे. ते एकदा पारावरून म्हणाले, "काय रे, टॉवेलात काय नेतोस रोज? पोथी म्हणावी तर तू आंघोळीआधीच हात लावतोस." बाकीचे हसले. कुणी म्हणालं, दुप्पट पैसे देणारी स्कीम असंल. मी पिशवी काखेत धरून पुढे गेलो. मागून आणखी हसणं आलं. मला हसण्याचं वाईट वाटलं नाही. 'पुस्तक आहे' एवढं तरी तोंडातून गेलं नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासत होतो.

क्लास मात्र चालला. पहिल्या तुकडीत अठरा विद्यार्थी होते, दुसरीत सत्तावीस. खर्डीहून, आटगावहून, डोंगरातल्या पाड्यांवरूनसुद्धा पोरं-पोरी यायची. माऊसवर बोट ठेवायला घाबरणारी मुलगी महिन्याभरात पत्र टाइप करायची. ते बघून बरं वाटायचं. तेवढा वेळ मी कलम सतरा विसरायचो.

क्लासचा दुसरा दसरा आला. आदल्या संध्याकाळी पुस्तक नेहमीप्रमाणे घरी आणलं होतं. सकाळी मी ते न घेताच क्लासवर गेलो, कारण विद्यार्थी यंत्रांना हार घालणार होते आणि पालक येणार होते. संध्याकाळी साडेपाचला घरी पोचलो. पडवीत चपलांचे अकरा जोड होते. सोनं द्यायला माणसं आली होती.

आत भिंतीशी पाट मांडला होता. त्यावर कोयता, विळा, खुरपं, एकड्यांची सरस्वती काढलेली पाटी, आणि पाटीला टेकवून, मधोमध उघडलेलं, निळं पुस्तक. उजव्या पानावर हळदकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल.

मी उंबऱ्यातच थांबलो. आतापर्यंतच्या आयुष्यात मी तसा घाबरलो नव्हतो, कारखान्याच्या फाटकावर बंदची नोटीस वाचतानासुद्धा नाही. पुढ्यात माझा मेव्हणा मांडी घालून बसला होता. तो मुरबाडजवळच्या म्हसा गावचा, बायकोचा धाकटा भाऊ, नुकता बारावी होऊन कामाच्या शोधात होता. त्याच्या एका हातात लाडू होता आणि दुसऱ्या हातानं तो पान उलटत होता.

"या दाजी, सोनं घ्या," तो म्हणाला. "काय पुस्तक हाय हो तुमचं. एक डाग नव्हता त्याला, पयला डाग ताईनंच लावला."

सगळे हसले. मीही हसलो असेन. अकरा माणसांसमोर ते पुस्तक झटकन उचलून नेणं म्हणजे ते गुप्त आहे अशी दवंडी पिटणं. मी आपट्याची पानं घेतली, दिली, पाया पडलो, पाया पडून घेतलं आणि सगळा वेळ डोळ्यांच्या कडेनं त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. किती पानं उलटली, ते मोजत होतो. सात.

शेवटचा पाहुणा गेल्यावर मी बायकोला विचारलं, ते पाटावर का ठेवलंस?

"तुमी सोन्याशेजारी ठेवता ते," ती म्हणाली. "घरात त्याच्याहून मोठं पुस्तक कुठलं हाय? तेच नाय ठेवायचं तर काय पोरांची अंकलिपी ठेवायची?"

"मग उघडून कशाला ठेवलंस?"

"मिटलेल्या पुस्तकाला सरस्वतीनं कसं वाचायचं?"

मग मी तिला सांगितलं. करार, सतरावं कलम, त्रेसष्ट नंबरची प्रत, तीन वर्षांची बंदी, सगळं. दीड वर्षात पहिल्यांदा. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, सांगायची परवानगी नव्हती.

"मंग किल्ली कशाला दिलीत माझ्याकडं?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

मी पुस्तक इतकं गुप्त ठेवलं होतं की ते गुप्त आहे हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंभर पानी वही घेतली आणि आदल्या दिवशी घरी कोण कोण आलं ते बायकोला विचारून लिहून काढलं. एकतीस माणसं. रकाने आखले: नाव, अंदाजे वेळ, पाटापासून किती हातावर बसले, इंग्रजी वाचता येतं का. एकतिसातल्या सहांना वाचता येत होतं. त्यांत एक गुरुजी होते आणि एकतिसाव्या ओळीवर मेव्हणा. ही वही कशासाठी करतोय ते मला सांगता आलं नसतं. माल हरवला की यादी करायची, ही जुनी सवय.

उघडं राहिलेलं पान एकोणसत्तर नंबरचं होतं. त्यावर काय होतं ते आठवड्याभरानं गुरुजींनीच मला ऐकवलं. एसटी स्टँडवर ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाप शेतकरी असेल तर मुलाच्या नोकरीविषयी बोला. बाप नोकरदार असेल तर शेजाऱ्याच्या मुलाविषयी बोला." मग माझ्याकडे वळून, "आणि बाप निवृत्त असेल तर रे? त्याचं काही लिहिलेलं दिसलं नाही."

त्यांना ते तोंडपाठ झालं होतं. मी त्यांना विनवून सांगितलं की हे कुणाजवळ बोलू नका. ते म्हणाले, मी चाळीस वर्षं पेपर तपासलेत, फोडला कधी नाही. मी मान हलवली, पण घरी जाऊन वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली.

पुढचे तीन महिने असे गेले की गाळ्यासमोर जीप थांबली तरी मी उभा राहायचो. फोन वाजला की तिसऱ्या घंटेपर्यंत हात पुढे व्हायचा नाही. वजन चार किलो उतरलं. बायको डॉक्टरकडे चला म्हणाली. डॉक्टरला काय सांगायचं, हा प्रश्न होता.

पौषात म्हशाची जत्रा आली. सासुरवाडीला दर वर्षी जावं लागे, म्हणून गेलो. बैलबाजारातून घोंगड्यांच्या दुकानांकडे जाताना एकानं माझ्या हातात पिवळं पत्रक कोंबलं. मुरबाडला नवीन कॉम्प्युटर क्लास. पहिले दोन तास फुकट बसून पाहा, पालकांनाही सोबत आणा. खाली दोन नावं होती, एक अनोळखी आणि एक माझ्या मेव्हण्याचं.

पहिले दोन तास फुकट. हे आमच्या पुस्तकात सत्तराव्या पानावर होतं, पालकांना सोबत बोलवायच्या सूचनेसकट. मी त्या धुळीत उभा राहून पत्रक तीन वेळा वाचलं. दुसऱ्या क्लासवालेही असं करत असतील, हे मला कळत होतं. दोन तास फुकट द्यायला कुणाच्या पुस्तकाची गरज नसते. पण पत्रक फेकून देता येईना; घडी करून खिशात ठेवलं. मेव्हणा त्या रात्री जेवायला समोर होता, आनंदात होता, क्लासला आशीर्वाद मागत होता. मी त्याला विचारलं नाही. 'होय' म्हणाला तर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं आणि 'नाय' म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता.

फेब्रुवारीत संस्थेचं पत्र आलं. त्यांचा माणूस तपासणीला येणार होता. कामकाजाचं पुस्तक तयार ठेवावं.

मी कुंकू काढायला बसलो. आधी खोडरबर, मग ओला कापूस. लाल होतं ते गुलाबी झालं आणि दोन बोटांएवढं पसरलं; कागद पातळ होऊन मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली. पान फाडावं, असंही मनात आलं. पण दोनशे बारा पानांचे नंबर होते, आणि वहीत एक नि मांडणीवर दुसरं असं मी कधी केलं नव्हतं. बायको मागे येऊन उभी राहिली होती.

"देवाला वाहिलेलं कुंकू खोडता?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "त्याचं नाव हाय का तुमच्या वहीत?"

"शेवटी आहे."

तिनं कापूस माझ्या हातातून घेतला आणि जेवायला वाढलं. त्या जेवणात ती दोनदा मीठ विसरली.

तपासणीला आलेले साहेब माझ्याहून वयानं लहान होते, चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं सभ्य. त्यांनी यंत्रं पाहिली, हजेरी पाहिली, तक्रार करण्यासारखं काही नाही म्हणाले. मग पुस्तक मागितलं. पानं मोजत मोजत एकोणसत्तरावर थांबले. मी विचारायची वाट पाहिली नाही. दसऱ्याला पुस्तक घरी पाटावर उघडं राहिलं होतं, असं सांगून टाकलं. ते ऐकून त्यांनी बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पिवळं पत्रक.

"हे लोक तुमच्या ओळखीचे आहेत?"

"एक माझा मेव्हणा आहे."

"तो त्या दिवशी तुमच्या घरी होता?"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि पाचही यंत्रांच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ टूं टूं करायला लागल्या. मी उठून एकेक बंद केली. पाच बटणं दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला मिळाला. शंभर पानी वही माझ्या पिशवीत होती. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं की वही त्यांच्यापुढे ठेवायची. सगळं लिहिलेलं आहे, वेळेसकट. माझ्या प्रामाणिकपणाचा तो पुरावा. क्लास वाचला तर त्या वहीनंच वाचला असता.

परत येऊन बसलो तेव्हा साहेब म्हणाले, "सर, त्या दिवशी कोण कोण आलं होतं त्याची नावं द्या. आम्ही त्यांना फक्त एक पत्र पाठवू. तुमची चूक आहे असं मी लिहिणार नाही."

संस्थेच्या वकिलाचं पत्र, इंग्रजीत, रजिस्टरनं. मला आमच्या आळीतली घरं दिसली. सोनं द्यायला आलेली म्हातारी माणसं ते पत्र वाचायला कुणाकडे नेणार? माझ्याकडेच.

"पुस्तक माझ्या ताब्यात होतं," मी म्हटलं. "उघडं राहिलं ते माझ्यामुळे. तेवढं लिहा."

"नावं, सर."

"दसऱ्याला माझ्या घरी कोण आलं, ते मी सांगणार नाही."

ते म्हणाले, करारानुसार तुम्हाला सहकार्य करावं लागेल. पण तो करार मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होता.

"बारावं पोटकलम बघा," मी म्हटलं. "समजूतदार माणूस जे गोपनीय समजेल ते सर्व. हे मी गोपनीय समजतो."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि लिहायला लागले. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. तोही गोपनीय अहवालच होता.

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. चालू तुकडी संपेपर्यंत क्लास चालवावा, त्यानंतर करार संपुष्टात, अनामत जप्त, बंदीचं कलम लागू. तत्काळ रद्द केलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. तेवीस जणांची परीक्षा मी पार पाडली. निळं पुस्तक संस्थेच्या ठाण्याच्या कचेरीत नेऊन दिलं. त्यांच्या कारकुनानं माझ्यासमोर पानं मोजली. दोनशे बारा भरली.

तीन वर्षं मी सरळगावच्या बाजूला एका भातगिरणीत हिशेब लिहिला, मग तिथेच राहिलो. मेव्हण्याचा क्लास दोन पावसाळे चालला नि बंद पडला. त्यानंतर कधीतरी, मी काही विचारलं नसताना, तो म्हणाला, "दाजी, ते तुमचं पुस्तक इंग्रजी होतं. मी नुस्ती पानं उलटत होतो. कागद कसला गुळगुळीत होता." मी मान हलवली. तो खरं बोलला का, मला माहीत नाही. बायकोनंही त्याला कधी विचारलं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

पाच वर्षांची मुदत ज्या दिवशी संपली त्या दिवशी सकाळी चहा घेताना मी बायकोला म्हटलं, आता सांगायला हरकत नाही, त्या पानावर काय होतं ते ऐक. शेतकरी बाप असेल तर, असं मी सुरू केलं. पुढचं वाक्य तिनंच पूर्ण केलं.

"गुरुजींनी सांगितलंय अख्ख्या आळीला," ती म्हणाली. "त्या दसऱ्यानंतरच्या दिवाळीतच. तुमी घाबराल म्हणून कोण तुमच्यासमोर बोललं नाय."

पाच वर्षं मी एकटाच ते पान सांभाळत होतो आणि अख्खी आळी मला सांभाळत होती.

शंभर पानी वही अजून कपाटाच्या आतल्या कप्प्यात आहे, बोरमाळेशेजारी. ती काय आहे हे बायकोला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि दसऱ्याला ती वहीला हात लावत नाही. हे लिहिताना मी ती एकदा काढून पाहिली. रकाने नीट आहेत, शाई फिकी झाली आहे. या लिखाणात कुणाचंच नाव नाही, त्याचं कारण तेच बारावं पोटकलम. मुदतीचं कलम त्या वहीला लागू नाही.